दसऱ्याला पाणी नसतं

रायपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. पूर्वेला निघा नाहीतर पश्चिमेला, एक रात्र तरी गाडीत काढावीच लागते. अशा गावात राहून शिडाची बोट बाळगणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, तो माझा साहेब होता आणि शेजारीही. म्हणजे दिवसभर ऑफिसात त्या बोटीबद्दल ऐकायचं आणि संध्याकाळी अंगणात भाजी निवडत बसलं की कुंपणावरून उरलेलं ऐकायचं. हिशीकर साहेबांची आठवण निघाली की लोक अजून हसतात. मला हसू येत नाही. मला त्यांचा राग येतो, आणि इतक्या वर्षांनी राग येण्याइतकं ते माझे कोण होते, हा प्रश्न मला कृपा करून कोणी विचारू नये.

प्रभाकर हिशीकर आमच्या खात्यात कार्यपालन अभियंता होते. धरणं, कालवे, दरवाजे, कुठल्या गावाला किती पाणी सोडायचं हा त्यांचा प्रांत. मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. बाईमाणूस असूनही हुद्दा ड्राफ्ट्समनच. शंकर नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमची भिंतीला भिंत. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात. "आम्ही भोसल्यांच्या घोड्यांसंगं आलो इकडे," असं ते अभिमानानं सांगत. त्यावर त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, आतून ओरडत, "घोडे परत गेले, हे राहिले."

उंच, किडकिडीत, पुढे थोडे वाकलेले. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि त्याच्या खिशात भरती-ओहोटीच्या वेळांचं चोपडं घडी घालून ठेवलेलं. साइटवर धुळीत उभे असताना मधेच ते काढून बघायचे आणि म्हणायचे, "आता खाडीत भरती लागली असन." समोर तीन गावांचे सरपंच पाणी मागायला उभे. ते एकमेकांकडे बघायचे. एकदा एका म्हाताऱ्या सरपंचानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "साहब की तबियत ठीक हे न, दीदी?" मी "हव" म्हणून वेळ मारून नेली.

बोट त्यांच्याकडे आली ती छत्तीसगढ राज्य वेगळं होण्याच्या आदल्या वर्षी. वहिनींची बहीण देवगडला दिलेली. तिच्याकडे सुट्टीत गेले असताना जवळच्या एका खाडीत साहेबांना ही बोट दिसली. एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांची होती. त्यांच्या हातांना आता दोर ओढवत नव्हते, म्हणून विकायला काढलेली. त्यांनी साहेबांना एक दुपार फिरवून आणलं आणि त्या दुपारी साहेबांच्या डोक्यात जे वारं शिरलं ते पुन्हा निघालं नाही. इकडे रायपूर राजधानी होणार म्हणून जो तो प्लॉट घेत सुटला होता. साहेबांनी प्लॉटच्या पैशात बोट घेतली. जुनी होती, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं, चार माणसं कशीबशी झोपतील एवढी खोली आणि एक डिझेल इंजिन. साहेबांनी तिचं नाव ठेवलं 'महानदी'. आमची महानदी जाते पूर्वेच्या समुद्राला, ही ठेवली पश्चिमेला. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणून तर ठेवलं. नदीले पण वाटत असन ना, कधी दुसरीकडे जावं."

त्या पहिल्या हिवाळ्यात ते पारशीबाबांबरोबर देवगडहून कारवारपर्यंत जाऊन आले. बारा दिवस. ती एकच सफर. पुढे पारशीबाबा वारले. मात्र ते बारा दिवस साहेब आयुष्यभर पुरवून पुरवून खात राहिले. मालवणजवळ पहाटे डॉल्फिन कसे बोटीच्या पुढे पळाले, वेंगुर्ल्याला मासळीच्या बदल्यात कोणी कलिंगड कसं दिलं, किनाऱ्यावरून वारा सुटला की इंजिन बंद केल्यावर किती शांत होतं. शेवटचं वाक्य नेहमी एकच: "पुढच्या वेळेस कोचीपर्यंत. वहिनीले घेऊन." बायकोला ते आमच्यासमोर वहिनीच म्हणत.

त्या पहिल्या सफरीची रजा त्यांना टपालानं मिळाली होती. अर्ज भोपाळला गेला, मंजूर होऊन आला, संपलं. मग राज्य झालं. आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले, साहेबांनीही वाटले. कोणाच्या लक्षात आलं नाही की भोपाळ लांब होतं तोवर रजा जवळ होती. आता सचिव रायपुरात, मंत्री रायपुरात, विधानसभा रायपुरात. काल ज्या अभियंत्याचं तोंड वर्षातून एकदा वरच्यांना दिसायचं, त्याला आता दिवसातून दोनदा गाडी पाठवून बोलावायला लागले. शंकर नगरच्या आमच्या रस्त्यावर संध्याकाळी लाल दिव्याच्या गाड्यांनी पाय ठेवायला जागा उरेना.

त्यात साहेबांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो गाठींमुळे. पारशीबाबांनी त्यांना दोराच्या गाठी शिकवल्या होत्या आणि साहेब त्या दिसेल त्याला मारत. चपलेचा बंद, मच्छरदाणीची दोरी, ऑफिसातल्या फायलींची फीत. शिपायाला त्या सुटायच्या नाहीत. तो ब्लेडनं कापायचा. एकदा अशी बांधलेली फाइल भर बैठकीत सचिवांसमोर गेली. त्यांनी ओढून पाहिलं, नखं लावून पाहिली, मग वैतागून म्हणाले, "हिशीकर जी, ये फाइल बाँधी है या भैंस?" साहेब उठले, फितीचा एक पदर मागे दुमडला आणि एका हातानं गाठ मोकळी केली. "सर, इस गाँठ को कितना भी खींचिए, अड़ती नहीं." सचिव खूश. त्या दिवसापासून कुठलंही अडलेलं प्रकरण निघालं की सचिव म्हणायचे, हिशीकरला बोलवा. साहेबांनाही ते आवडायचं. मी त्यांच्या तोंडावर सांगते आहे असं समजून लिहिते: त्यांना ते फार आवडायचं.

जुनी बोट म्हणजे म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं. खाडीवर तिची देखभाल दाजी नावाच्या एका तांडेलाकडे होती. तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस; पण दाजीचा मुख्य व्यवसाय फोन करणं हाच असावा. "साहेबांनू, इंजिन रुसला हा." "साहेबांनू, वरसून पानी गळता." साहेबांनी सांगितलेलं काम तो कधी वेळेवर करत नसे आणि न सांगितलेलं अगोदर करून ठेवी. एका वर्षी रंग खरवडायला सांगितलं, तर यानं वरून नवा रंग फासला. साहेब ओरडत नसत. "पाहून घेऊ," म्हणत. हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. इंजिन, छप्पर, पोरीचं लग्न, वहिनींचे गुडघे, सगळ्याला "पाहून घेऊ."

एका मे महिन्यात त्यांनी शिडं रायपूरला आणवली. शिवण उसवली होती. गच्चीवर पसरली तर गच्ची पुरली नाही, अर्धं शीड आमच्या बाजूला लोंबायला लागलं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका विचारून गेल्या, कोणाकडे लग्न आहे? एवढं मोठं कापड शिवणारं मशीन गावात एकाकडेच, भनपुरीच्या एका टेंटवाल्याकडे. त्याचा कारागीर लग्नाचे मांडव शिवायचा. साहेब त्याच्याजवळ दोन दिवस उभे राहिले, प्रत्येक टाका तपासला. शिवण खरोखर सुरेख झाली. तिसऱ्या दिवशी कापड आणायला मी आणि ते गेलो. शीड उलगडलं तर मधोमध, हातभर उंचीच्या लाल अक्षरांत, टेंट हाउसचं नाव, 'शादी-ब्याह एवं समस्त मांगलिक कार्य' आणि खाली दोन फोन नंबर. कारागीर म्हणाला, "साहब, ठप्पा तो लगाना ही पड़ता है. नहीं तो बराती लोग उठा ले जाते हैं." लग्नघरातून कापड चोरीला जातं, म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनातीवर ठसा मारायची त्यांची रीतच होती.

मला हसावं की रडावं कळेना. साहेबांनी रॉकेल आणून घासून पाहिलं, लाल रंग गुलाबी झाला, एवढंच. ते गच्चीवर बसून शिडाची घडी घालायला लागले. मग म्हणाले, "पाहून घेऊ. समुद्रावर कोण वाचते?"

आता दसऱ्याची गोष्ट. हीच खरी गोष्ट आहे आणि ही चूक आमच्यासारख्या जमिनीवरच्या मराठी माणसांनीच करावी. पावसाळा संपला की बोटी बाहेर निघतात. राज्य झाल्यावरच्या पहिल्या आश्विनात साहेबांनी ठरवलं, महानदी दसऱ्यालाच बाहेर काढायची. सीमोल्लंघन! एवढा मोठा मुहूर्त, तोही साडेतीनपैकी एक, शिवाय ऑफिसला लागून सुट्ट्या. वहिनी म्हणाल्या, "गड्यांमध्ये मी एकटी नाही जात, कुंदा येत असन तर येते." अशी मी त्या बोटीत ओढली गेले. गाडीनं कल्याण, तिथून कोकणची गाडी, मग एसटी. वहिनींनी पिशवीतून रायपूरहून आपट्याची पानं आणली होती.

दुपारच्या विजयमुहूर्तावर आम्ही निघालो. बोटीची पूजा झाली. साहेबांनी डोलकाठीला आपट्याचं सोनं बांधलं, अर्थात त्यांच्या त्या गाठीनं. दाजी सकाळपासून काहीतरी पुटपुटत होता. "साहेबांनू, आज भांग आसा." साहेबांना वाटलं हा प्यायलेला आहे, आणि तो थोडा प्यायलेला होताही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे. मच्छीमारांच्या होड्या त्यावरून सहज जातात, त्यांना ढोपरभर पाणी पुरतं. आमच्या बोटीच्या पोटाखाली मात्र ती उलटू नये म्हणून पाच फुटांचं जड लोखंडी पातं. आम्ही मोठ्या डौलात, लाल-गुलाबी ठशाचं शीड उभारून त्या तोंडाशी आलो आणि एकदम, कोणी मागून पदर धरावा तशी बोट थांबली. वहिनींच्या हातातलं लाडवाचं ताट थेट समुद्रात गेलं. साहेबांनी इंजिन जोरात केलं, पुढे, मागे. काळा धूर निघाला आणि इंजिन रुसलं. बोट वाळूत रुतली ती रुतली. पलीकडे, दोनशे हातांवर, उघडा समुद्र दिसत होता. लाटा दिसत होत्या, शिडं दिसत होती, आम्हाला फक्त दिसत होतं.

"भरती येईन अजून," साहेब म्हणाले. संध्याकाळी भरती आली. बोट जेमतेम हलली. दाजीनं दोन होड्या आणून आम्हाला दोरानं मागे, खाडीत ओढून नेलं. किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. शिडावरचं वाचून कोणीतरी विचारलं, "लगीन कोनाचा?"

भांग म्हणजे काय ते तेव्हा कळलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरपूर पाणी. अष्टमीच्या मागेपुढे, दशमीपर्यंत, भांग: भरती येते पण नावाला. दसरा म्हणजे दशमी. दर वर्षी दशमीच. ज्या दिवशी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सीमा ओलांडतो, त्या दिवशी त्या खाडीत सीमा ओलांडण्याइतकं पाणी असूच शकत नाही. खिशात चोपडं बाळगणाऱ्या, पाण्याचा हिशेब करून पगार घेणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, कारण त्यांनी चोपड्यात फक्त वेळ पाहिली होती. किती उंच येणार, तो पुढचा आकडा पाहिलाच नव्हता. मुहूर्त म्हटल्यावर कशाला बघायचा?

"कोजागरीले निघू," साहेब म्हणाले. पौर्णिमा पाच दिवसांवर होती. रजा तीन दिवसांवर संपत होती. वाढवून मागितली. उत्तर आलं, ताबडतोब या. एक नोव्हेंबरला राज्याचा वाढदिवस, मैदानावर खात्याचं प्रदर्शन, धरणाची प्रतिकृती हिशीकरच करणार.

त्यानंतर दर वर्षी हेच. अगदी हेच. दसऱ्याला सुट्टी असते, पाणी नसतं. कोजागरीला पाणी असतं, सुट्टी नसते. कार्तिकातल्या उधाणाला विधानसभेचे प्रश्न. पुढे दुष्काळ, पुढे निवडणूक. साहेब दर वर्षी आश्विनात अर्ज देत, दर वर्षी सचिव प्रेमानं खांद्यावर हात ठेवून तो परत देत. ऑफिसात आम्ही पैजा लावायचो. नंतर पैजा घ्यायला कोणी तयार होईना.

एका वर्षी रजा मिळाली. खरंच मिळाली, कोजागरी धरून. आम्ही पुन्हा तिघं गेलो. पण साहेब फोन घेऊन आले होते आणि खाडीत फोन लागत नसे. त्यामुळे रोज सकाळी ते मागची टेकडी चढून जात आणि उन्हात एका काजूच्या झाडाखाली उभे राहून ऑफिसशी बोलत. कुठल्या गेटचं रबर बदललं, कुठला उत्तर-मसुदा गेला. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. तेच विचारत. खाली आम्ही दोघी बोटीत बसून कंटाळलो. मग दाजी आम्हाला खाडीतल्या खाडीत फिरवायला लागला. पहिल्या दिवशी वहिनी डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुकाणूला हात लावला. तिसऱ्या दिवशी दाजी पुढे बसून विडी ओढत होता आणि सुकाणू वहिनींकडे होतं. पदर खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. वळण घ्यायचं आलं की त्या "सरक, सरक" म्हणत, समोरच्या होडीला की आपल्या बोटीला ते कळत नसे, पण बोट बरोबर वळायची. "कुंदा," मला म्हणाल्या, "हे तर सोपं आहे गं. मले कोणी सांगितलंच नाही."

कोजागरीच्या आदल्या दिवशी साहेब टेकडीवरून खाली आले तेव्हाच मी समजले. एका कालव्याची भिंत फुटली होती. फार मोठी नाही. तिथे दुसरा अभियंता होता, चांगला होता. "मले गेलं पाहिजे," साहेब म्हणाले. परतीच्या गाडीत वहिनी आमच्याकडे पाठ करून बसल्या. कल्याणला चहा घेताना साहेब मला हळूच म्हणाले, "राग येऊन राहिला वाटते वहिनीले." मी कप तिथेच ठेवला आणि खिडकीत जाऊन बसले. इतका संताप मला माझ्या नवऱ्याचासुद्धा कधी आला नव्हता.

त्यांची मुलगी शिल्पा तेव्हा पुण्यात नोकरीला लागली होती. ती मराठी समजायची, बोलायची हिंदीत. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "पापा, बेच दो ना. आप जाते तो हो नहीं." साहेब म्हणाले, "रिटायर झालो की कोचीलेच जाणार. मग कोण अडवते?" हे वाक्य आम्हाला सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. त्या वाक्यावर वहिनींनी आणखी काही वर्षं काढली.

ते रिटायर झाले तेव्हा पावसाळा संपत आला होता. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सचिवांचे डोळे पाणावले. कोजागरीच्या आधीची तिकिटं अगोदरच काढलेली होती. वहिनींनी गुडघ्यांसाठी पट्टे घेतले, उन्हाच्या टोप्या घेतल्या, टिकतील असे शंकरपाळे केले. महिनाभराच्या सफरीची तयारी. पाऱ्यातल्या बायकांना त्या सांगत होत्या, "कोचीला चाललो," आणि हे सांगताना त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता तसा मोकळा होता.

आठवडाभर आधी साहेब संध्याकाळी सचिवांना भेटायला गेले. निरोप घ्यायला म्हणून. परत आले तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात वहिनींबरोबर डबे भरत होते. ते दारात उभे राहिले आणि चप्पल काढायचं विसरले.

"संविदावर ठेवून राहिले मले," ते म्हणाले. "एक वर्षाचा करार. नवीन राज्य आहे, माणसं नाही."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. "मग?"

"मग काय. हो म्हटलं."

"काहून?"

"आता सचिव स्वतः म्हणतात, हिशीकरजी, तुम्ही नसाल तर रब्बीचं पाणी कोण सोडीन?"

"अन् तुम्ही मेल्यावर कोण सोडीन?"

"तेव्हाचं तेव्हा पाहून घेऊ," साहेब म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

वहिनींनी पुढचा डबा ओढला. माझंच डोकं फिरलं. शेजारीण, हाताखालची, काही सुचलं नाही, मी म्हटलं, "साहेब, तुमची रजा कधी कोणी अडवलीच नाही. तुम्हीच अडवली. पाण्याचं, राज्याचं, सचिवांचं नाव. तुम्हाला जायचंच नाही कुठे. तसं सांगून टाका ना एकदा यांना!"

माझा आवाज चढला होता. साहेबांनी वाकून पायातल्या चपला काढल्या. मग जे बोलले ते त्यांचं मी ऐकलेलं सगळ्यांत खरं बोलणं. "जायचं आहे, कुंदाबाई. रोज जायचं आहे. पण तिथं मी असलो काय अन् नसलो काय, पाणी आपलं येते अन् जाते. इथं सकाळी फोन वाजतो ना... एक दिवस नाही वाजला तर मले छातीत धडधड होते."

मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून आणखीच राग आला.

वहिनींनी हात पुसले. "तुमचं तिकीट रद्द करा," त्या म्हणाल्या. "कुंदाचं काढा. आम्ही जातो."

"कुठं?"

"बोटीवर. दाजी आहे. मले सुकाणू येते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. मला वाटलं आता तरी ओरडतील, आता तरी म्हणतील, थांबा, मीच येतो. ते म्हणाले, "पौर्णिमेले भरती दुपारी लागते. मी नकाशा काढून देतो."

आणि त्यांनी खरंच काढून दिला. ऑफिस करून, रोज संध्याकाळी माझ्याच ड्रॉइंग बोर्डवर बसून. खाडीचं तोंड, वाळूचा उंचवटा, कुठून वळायचं, कुठे नांगर टाकायचा. इतका देखणा नकाशा माझ्या सबंध नोकरीत कोणी काढला नसेल. स्टेशनवर पोचवायला आले. डब्यात चढून सामान लावलं, समुद्राला वाहायचा नारळ वहिनींच्या हातात दिला, मला तेच तेच चार वेळा सांगितलं. गाडी हलली तसे सोबत चालत राहिले आणि फलाट संपला तिथे उभे राहिले.

कोजागरीच्या दुपारी आम्ही निघालो. दाजीनं आदल्या दिवशी इंजिन उघडलं होतं, न सांगता, आणि ते चक्क चालू झालं. उधाणाचं पाणी खाडीत तुडुंब भरलं होतं. नेहमी उघडी पडणारी काठावरची झुडपं कमरेपर्यंत बुडालेली. वहिनींनी गुडघ्यांना पट्टे बांधले, पदर खोचला आणि सुकाणू धरलं. नकाशा माझ्या मांडीवर होता. उंचवट्याजवळ आलो तेव्हा दाजीनं विडी पाण्यात टाकली. मी तर डोळेच मिटले. बोट एकदा वर उचलली गेली, एकदा खाली आली, आणि डोळे उघडले तेव्हा खाडीचं तोंड आमच्या मागे होतं. बस्स, एवढंच. इतक्या वर्षांचं जे होतं ते एवढ्यात झालं. दाजीनं शीड ओढलं, इंजिन बंद केलं, आणि साहेब म्हणायचे ती शांतता आली. मला त्यांची इतकी आठवण आली की मी तोंड फिरवून बसले.

उघड्यावर आल्यावर फोन लागायला लागला. वहिनींनी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं नंबर दाबला आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोन दोघींच्या मधे धरला.

"निघालो हो आम्ही बाहेर," त्या जवळजवळ ओरडल्याच.

पलीकडे खुर्च्यांचा आवाज होता, कोणीतरी आकडे वाचून दाखवत होतं. साहेब अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "खरंच?" मग, "खाली पाणी किती आहे?"

वहिनींनी दाजीला विचारलं. "वीस फूट म्हणते."

"वीस फूट," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "सुमन, वीस फूट!" त्यांनी वहिनींना नावानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते आणखी काही बोलणार होते. तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांना काहीतरी विचारलं.

"जी सर," ते म्हणाले, स्पष्ट, मोठ्यानं, त्यांच्या रोजच्या आवाजात. "बिल्कुल सर. हो जाएगा सर." आणि फोन बंद झाला.

वहिनींनी फोनकडे पाहिलं. तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि पर्स खाली खोलीत ठेवायला माझ्याकडे दिली.

"आता वाजला ना कुंदा," त्या म्हणाल्या, "तरी मले सांगू नको."